कळलावी पोटात गेल्यावर

अकोले तालुक्याच्या पश्चिमेचा डोंगराळ पट्टा म्हणजे डांगाण. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड हे सारे याच भागातले. श्रावण-भाद्रपदात इथल्या बांधांवर, कुंपणांवर, करवंदीच्या जाळ्यांवर चढलेली कळलावी फुललेली दिसते. तिचे फूल एकदा पाहिले की विसरत नाही. सहा पाकळ्या, त्यांच्या कडा नागमोडी, सगळ्या मागे उलटून वर वळलेल्या. आधी बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लाल, मग काही दिवसांत पूर्ण लाल. पानाची खूण तर फुलाहून पक्की. प्रत्येक पानाचे टोक बारीक होत लांबते, वेटोळे घेते आणि शेजारची काडी पकडते. ही वेल खोडाने विळखे घालत नाही, पानांच्या टोकांनी धरून चढते. कुठे तिला खड्यानाग म्हणतात, कुठे वाघनखी.

फूल आणि पान असताना कळलावीला सहसा कुणी चुकत नाही. दिवाळीनंतर वेल वाळते आणि मग ओळख जमिनीखाली जाते. तिथे कंद उरतो: वरून तपकिरी, आतून पांढरा, दोन फाट्यांचा, नांगराच्या आकाराचा. त्याच बांधात करांदेही असतात, खायचे इतर कंदही असतात. खोदताना कळलावीचा कंद मोडला, एकच फाटा हाती आला, तर तो रताळ्याचा तुकडा वाटू शकतो. श्रीलंकेत आणि भारतात अशाच चुकीने कळलावी पोटात गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

पुढे दिलेला क्रम कुणा एका व्यक्तीचा नाही. अशा रुग्णांच्या नोंदींत जे पुन्हा पुन्हा दिसते ते मी एका उलट मोजणाऱ्या घड्याळावर मांडले आहे; शून्य म्हणजे पांढऱ्या पेशी तळाला पोहोचतात ती वेळ. गाव डांगाणातले धरले आहे, दिवस भातझोडणीचे, आणि कंद खाणारी घरातली एक प्रौढ बाई. हे सांगायचे कारण असे की हे विष पेशीविभाजन अडवते, आणि दहावीच्या विज्ञानात पेशीविभाजन चार आकृत्यांत संपते. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. मार्क मिळतात, पुस्तक मिटते. त्या चार आकृत्यांवर माणूस तासातासाने कसा उभा असतो, हे त्यांतली एक आकृती अडल्यावरच कळते.

पहिला दिवस, रात्री 8. उरले 120 तास

कंद उकडला आहे, मीठ लावले आहे. चव कडवट आहे, पण कडू करांद्यांची सवय असलेल्या जिभेला त्यात वावगे काही वाटत नाही. उकडण्याने धोका टळत नाही. कळलावीतले विष कोल्चिसिन नावाचे अल्कलॉइड आहे आणि चुलीवरच्या उकळीने ते नष्ट होत नाही. हेच कोल्चिसिन गाउटच्या रुग्णाला डॉक्टर लिहून देतात, गोळी साधारण अर्ध्या मिलिग्रॅमची. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत फार अंतर नाही, म्हणून ती गोळीही जपून द्यावी लागते. कंदात ते किती आहे हे कंदागणिक, जमिनीगणिक, ऋतूगणिक बदलते. ताटात काय पडले आहे याचा अंदाज कुणालाच येणार नाही.

आयुर्वेदाने कळलावीला लांगली या नावाने उपविषांत घातले आणि गोमूत्रात शोधन केल्याशिवाय वापरू नये असे सांगितले. अडलेल्या बाळंतपणात कंदाचा लेप लावण्याची जुनी रीत महाराष्ट्रातही होती, त्यामुळे काही घरांत हा कंद खणून जपूनही ठेवला जाई. म्हणजे या वेलीचा धाक जुना आहे. तो धाक ज्यांच्याकडे शाबूत आहे अशा बायका आजही डांगाणात आहेत. अकोले तालुक्यातल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 ची पद्मश्री मिळाली ती गावरान बियाणे जपल्याबद्दल. बी जपणे म्हणजे कोणते खायचे आणि कोणते नाही हे जपणेही असते, आणि मला हे ज्ञान दवाखान्याच्या पहिल्या पायरीइतके मोलाचे वाटते.

रात्री 10. उरले 118 तास

काही होत नाही. भांडी घासून झाली, अंथरुणे पडली.

कोल्चिसिन आतड्यातून लवकर शोषले जाते. रक्तातले त्याचे प्रमाण साधारण अर्ध्या तासापासून तीन तासांच्या आत सर्वांत वर पोहोचते. तिथून ते रक्तात रेंगाळत नाही, पेशींच्या आत शिरते आणि तिथल्या एका प्रथिनाला घट्ट धरून बसते. पोटात कोळशाची औषधी पूड, म्हणजे ॲक्टिव्हेटेड चारकोल, देऊन विष अडवायचे असेल तर ते याच एक-दोन तासांत सर्वाधिक उपयोगी. नंतरही देतात, कारण यकृत काही कोल्चिसिन पित्तावाटे परत आतड्यात सोडते, पण हाती लागणारा वाटा घटत जातो. ज्या वेळी इलाज सर्वांत सोपा असतो त्या वेळी रुग्णाला रुग्ण म्हणायला एकही लक्षण नसते. या विषाचा सगळ्यात वाईट गुण तो हाच.

मध्यरात्री 12. उरले 116 तास

बाई झोपली आहे. तिच्या शरीरातले काम मात्र थांबलेले नसते. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 30 लाख कोटी पेशी असतात. त्यांतल्या रोज 33,000 कोटींच्या आसपास बदलल्या जातात, असा हिशोब इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी 2021 मध्ये मांडला. सेकंदाला सुमारे 38 लाख. जुन्या मरतात, नव्या विभाजनातून येतात. या उलाढालीत 86 टक्के पेशी रक्ताच्या आणि 12 टक्के आतड्याच्या अस्तराच्या. उरलेले सारे शरीर मिळून दोन टक्के. हे आकडे लक्षात ठेवावेत, कारण पुढच्या पाच दिवसांत विष याच यादीवरून चालणार आहे.

आता एकच पेशी पाहू. लहान आतड्याच्या अस्तरात सूक्ष्म खळगे असतात आणि त्यांच्या तळाशी मूळ पेशी. तिथे पेशी विभागते, नवी पेशी भिंतीवरून वर सरकत जाते, अन्नरस शोषते आणि तीन ते पाच दिवसांत टोकाला पोहोचून गळून पडते. खळग्याच्या तळाची अशी एक पेशी मध्यरात्रीच्या सुमारास विभाजनाला लागली आहे. तिने आपल्या डीएनएची प्रत आधीच काढून ठेवली आहे. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर दोन मीटर भरेल; आता तर त्याच्या दोन प्रती झाल्या. हा सगळा धागा गुंडाळून आखूड, जाड गुणसूत्रे होतात. 46 गुणसूत्रे, प्रत्येकाची दोन अर्धी एकमेकांना जोडलेली. केंद्रकाचे आवरण विरघळते. पेशीच्या दोन ध्रुवांकडून तुर्कतंतू निघतात.

हे तंतू तयार दोरे नसतात. ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाचे तुकडे एकाला एक जोडून पोकळ नळी वाढते, ती एका टोकाने मोडते, पुन्हा वाढते. वाढत-मोडत ती पेशीच्या अवकाशात चाचपडते आणि कधीतरी एखाद्या गुणसूत्राच्या मध्याला लागते. समोरच्या ध्रुवाकडून दुसरी लागते. दोन्हीकडून ताण आला की ते गुणसूत्र पेशीच्या मधोमध येऊन स्थिरावते. सगळीच्या सगळी 46 अशी दोन्हीकडून पकडली जाईपर्यंत पेशी पुढे जात नाही. एक जरी गुणसूत्र मोकळे असले तरी ते थांबण्याचा रासायनिक निरोप देत राहते. सगळी लागली की निरोप बंद होतो, जोड तुटतात, अर्धी अर्धी दोन्ही ध्रुवांकडे ओढली जातात आणि एकाच्या दोन पेशी होतात. पेशीच्या साऱ्या आयुष्यात या कामाला तासाभराच्या आसपास वेळ लागतो.

कोल्चिसिन ट्यूब्युलिनच्या तुकड्याला चिकटते. चिकटलेला तुकडा नळीच्या टोकाला जाऊन बसला की पुढचे तुकडे नीट जुळत नाहीत. नळी मोडते ती मोडते, परत वाढत नाही. गुणसूत्रे जाड होऊन तयार, आवरण विरघळलेले, आणि ओढायला कुणी नाही. थांबण्याचा निरोप मात्र चालूच. पेशी मध्यावस्थेत अडकते. काही तास तशी राहते, मग बहुतेक वेळा स्वतःला संपवते.

आतड्यातल्या अशा अडकलेल्या पेशी 1889 मध्ये पेर्निस नावाच्या इटालियन संशोधकाने कोल्चिसिन दिलेल्या कुत्र्यांत पाहिल्या होत्या. त्या पाहण्याकडे पुढची कित्येक वर्षे कुणी लक्ष दिले नाही. 1934 मध्ये ब्रसेल्सच्या प्रयोगशाळेतून हा विषय परत वर आला आणि मग मात्र कोल्चिसिन जगभरच्या सूक्ष्मदर्शकांखाली गेले. 1937 मध्ये अमेरिकेत ब्लेकस्ली आणि एव्हरी यांनी ते वापरून वनस्पतींत गुणसूत्रांची संख्या दुप्पट केली. याच जिल्ह्यात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात पीक-पैदास शिकणाऱ्या मुलांना कोल्चिसिन ओळखीचे असते ते त्यामुळे. आणि 22 डिसेंबर 1955 च्या रात्री स्वीडनमधल्या लुंडला जो हिन ट्यो यांनी कोल्चिसिनने थांबवलेल्या मानवी पेशींतली गुणसूत्रे मोजली. तोवर सगळ्या पुस्तकांत 48 लिहिलेले होते. ती 46 भरली. अल्बर्ट लेव्हान यांच्यासह त्यांनी ते 1956 मध्ये प्रसिद्ध केले. गुणसूत्रे मोजायची तर ती जाड आणि सुटी दिसायला हवीत, आणि तशी ती मध्यावस्थेत अडकवली तरच भरपूर सापडतात. माणसाची गुणसूत्रे किती हे कळले ते ज्या अडकण्यामुळे, तेच अडकणे आता डांगाणातल्या या घरात एका झोपलेल्या बाईच्या आतड्यात सुरू झाले आहे.

पहाटे 3. उरले 113 तास

घसा जळजळतो म्हणून जाग येते. मळमळ, मग उलटी, परत उलटी. पोटात पीळ. सून दिवा लावते. "आत्या, काय खाल्लं होतं?" "तेच की, सगळ्यांनी खाल्लं ते." सगळ्यांनी खाल्लेले नसते. कंद थोडेच होते, तिने खाल्ले.

ही पहिली लक्षणे साधारण दोन ते सहा तासांनी दिसतात, कधी त्याहून उशिरा. केवळ विभाजन थांबल्याने इतक्या लवकर उलट्या होत नाहीत हेही सांगितले पाहिजे. ट्यूब्युलिनच्या नळ्या फक्त विभाजनापुरत्या नसतात. विभाजन न करणाऱ्या पेशींतही पेशीतला माल इकडून तिकडे नेण्याचे मार्ग त्याच नळ्यांचे असतात. म्हणून हे विष आतड्याला आधी थेट भाजते आणि नंतर उपाशी मारते.

सकाळी 7. उरले 109 तास

जुलाब सुरू. पाण्यासारखे, थांबेनात, काही वेळाने रक्ताचे. शेजारणी जमतात. पाणी बाधले, शिळे बाधले, बाहेरचे काही झाले. मीठ-साखरेचे पाणी दिले जाते, आणि ते योग्यच आहे.

या घटनाक्रमात माणसाच्या हातात असलेली सगळ्यांत मोठी गोष्ट या तासाला आहे. उरलेला कंद, त्याची साल, वाळलेल्या वेलीचा तुकडा, जे सापडेल ते पिशवीत घालून रुग्णाबरोबर न्यायचे आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचे की हा कंद खाल्ला. जुलाब-उलट्यांचा रुग्ण कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात रोज येतो. सलाईन चढते, बरे वाटते, सुटी मिळते. कळलावीचे नाव कुणी घेतले नाही तर डॉक्टरला ते सुचायला काही कारण नसते, आणि इथे बरे वाटणे हा पुरावा नव्हे. 108 ला फोन करताना सुद्धा विषबाधा हा शब्द वापरला पाहिजे.

दुपारी 2. उरले 102 तास

सलाईन लागली आहे. रक्त तपासायला गेले आणि अहवाल आला तो बुचकळ्यात टाकणारा. पांढऱ्या पेशी वाढलेल्या. सामान्य माणसात एका मायक्रोलिटर रक्तात त्या 4,000 ते 11,000 असतात. या विषबाधेच्या पहिल्या दिवशी त्या त्याहून कितीतरी वर जाऊ शकतात. कुणालाही वाटेल जंतुसंसर्ग आहे, शरीर लढते आहे.

खरे तर हा साठा बाहेर पडतो आहे. अस्थिमज्जेत तयार झालेल्या, रक्तात सोडायच्या बाकी असलेल्या पेशी ताणाखाली एकदम रक्तात ढकलल्या जातात. मागून नव्या येत नाहीत, कारण मज्जेतले विभाजन मध्यरात्रीपासून अडायला लागले आहे. आकडा फुगतो तो कोठार रिकामे होत असताना. ज्या डॉक्टरला कळलावीचे माहीत आहे तो हा वाढलेला आकडा पाहून सावध होतो. ज्याला माहीत नाही तो अँटिबायोटिक लिहितो आणि निश्चिंत होतो.

दुसरा दिवस, रात्री 8. उरले 96 तास

राजूर, अकोले, संगमनेर, लोणी. मोठ्या रुग्णालयाकडे जाणारी ही वाट बरीचशी प्रवरेच्या सोबतीने उतरते; रतनगडाजवळ उगम पावलेली नदी भंडारदऱ्याच्या धरणातून निघून याच गावांकडे येते. काही गावांना घोटीमार्गे नाशिक जवळ पडते. डांगाणातल्या एखाद्या वाडीवरून रुग्ण डांबरी रस्त्याला आणायलाच पहिला तास जातो. हा पल्ला कमी करणे कोल्चिसिनवरच्या कुठल्याही औषधाइतके महत्त्वाचे आहे असे माझे ठाम मत आहे.

रुग्णालयात पोहोचल्यावर काय करता येते? रक्तदाब उतरला आहे, अंगातले पाणी आणि क्षार गेले आहेत, ते भरून काढायचे. डायलिसिसने विष निघत नाही, कारण ते रक्तात उरलेलेच नसते, पेशींत शिरून बसलेले असते. उतारा म्हणावा असे काही बाजारात मिळत नाही. कोल्चिसिनला पकडणारे प्रतिपिंड फ्रान्समध्ये तयार झाले होते आणि ते देऊन मरणाच्या दारातून परत आणलेल्या एका तरुणीची नोंद 1995 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. ते प्रतिपिंड पुढे औषध म्हणून सर्वत्र उपलब्ध झालेच नाही. दरवर्षी जगात थोडेच रुग्ण. तीस वर्षे झाली. मला याचा राग येतो.

तेव्हा इलाज एकच: विष उतरेपर्यंत एकेक अवयव सांभाळत राहणे.

तिसरा दिवस, सकाळी 8. उरले 84 तास

खाल्ल्याला छत्तीस तास झाले. मोठी मात्रा गेलेले बरेच रुग्ण या सुमारास दगावतात, हृदयाने साथ सोडल्यामुळे. ठोके अनियमित होतात, हृदयाचे स्नायू नीट आकुंचन पावत नाहीत, रक्तदाब औषधांनी वर धरावा लागतो. हृदयाच्या पेशी विभाजन जवळपास करतच नाहीत. त्यांना मार बसतो तो आतल्या वाहतुकीच्या नळ्या मोडल्यामुळे.

आपली बाई या टप्प्यातून पार पडते असे धरू. मात्रा बेताची होती, उलटीतून काही बाहेर पडले, सलाईन वेळेवर लागली.

तिसरा दिवस रात्र ते चौथा दिवस. उरले 72 ते 50 तास

लघवी कमी. मूत्रपिंडाचे आकडे वाढतात. श्वास जड होतो, फुप्फुसांत पाणी साचू शकते, ऑक्सिजन लागतो, कधी व्हेंटिलेटर. हातापायांत बळ नाही. काहींत पायांकडून वर चढत जाणारा लुळेपणा येतो. जुलाब मात्र ओसरू लागतात. नातेवाइकांना हायसे वाटते आणि बाहेर बाकावर बसलेला मुलगा घरी फोन करून सांगतो की आईला फरक पडला.

चौथा दिवस, रात्री 8. उरले 48 तास

आता मज्जेची पाळी. कोणती पेशी आधी संपेल हे तिच्या आयुष्यावर ठरते. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल जंतूंशी पहिला सामना करतात आणि रक्तात जेमतेम काही तास ते दिवसभर टिकतात. निरोगी मज्जा त्या दिवसाला सुमारे 10,000 कोटी तयार करते, म्हणून आपल्याला त्यांची कमतरता कधी जाणवत नाही. बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, आठ-दहा दिवस टिकतात. तांबड्या पेशी 120 दिवस. तेव्हा कारखाना बंद पडल्यावर आधी न्यूट्रोफिल दिसेनाशा होतात, मागोमाग बिंबिका, आणि तांबड्या पेशींची उणीव सर्वांत शेवटी जाणवते.

सकाळचा अहवाल खाली, संध्याकाळचा त्याहून खाली. दोन दिवसांपूर्वी फुगलेला आकडा आता 4,000 च्या आत आला आहे आणि उतरतोच आहे. त्याच वेळी आतड्याच्या खळग्यांतून वर येणारी रांगही तुटली आहे. टोकाच्या जुन्या पेशी ठरल्याप्रमाणे गळताहेत, जागा भरायला मागून कुणी नाही. आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. त्यांना रक्तापासून दूर ठेवणारे अस्तर उघडे पडत चालले आहे, नेमके त्यांच्याशी लढणाऱ्या पेशी संपत असताना. विभाजन थांबण्याचा खरा घाव हा आहे. भिंत आणि पहारेकरी दोन्ही एकाच कारणाने, एकाच आठवड्यात जातात.

पाचवा दिवस, रात्री 8. उरले 24 तास

तोंडात फोड, गिळता येत नाही. हिरड्यांतून रक्त. सुई टोचलेल्या जागी निळे-काळे डाग. बिंबिका कमी झाल्याच्या खुणा. रक्तपेढीत बिंबिकांची पिशवी मागवली जाते, भाऊ-पुतणे रक्त द्यायला येतात. मज्जेला चेतवणारे इंजेक्शन, ज्याला जी-सीएसएफ म्हणतात, सुरू होते. विष अजून पेशींत असेल तोवर त्याचा उपयोग मर्यादित, पण विष हळूहळू उतरते आहे आणि मूळ पेशींपैकी ज्या विभाजनाला लागलेल्याच नव्हत्या, स्वस्थ होत्या, त्या वाचलेल्या असतात. सगळी आशा त्या स्वस्थ पेशींवर आहे. कोल्चिसिन विभाजनाच्या मध्यावर असलेल्या पेशीला अडकवते, जी अजून सुरूच झाली नाही तिला अडकवू शकत नाही.

सहावा दिवस, दुपारी 12. उरले 8 तास

ताप. पहिल्यांदा थंडी वाजून, मग 102, 103. एरवी तापाच्या रुग्णात पू दिसतो, सूज दिसते. इथे दिसत नाही, कारण पू हा न्यूट्रोफिलांचाच असतो. जंतू रक्तात आहेत आणि शरीराकडे त्यांची खूण उमटवायलाही पेशी नाहीत. अँटिबायोटिक रक्ताच्या तपासणीची वाट न पाहता लावले जातात. भेटायला येणाऱ्यांना अडवले जाते, आणि जे आत जातात त्यांना हात धुवून, मास्क लावून. गावाकडून आलेली माणसे याने दुखावतात. त्यांना कुणी नीट समजावून सांगितले तर ती दुखावत नाहीत, मदत करतात.

सहावा दिवस, रात्री 8. शून्य

न्यूट्रोफिल मायक्रोलिटरला 500 च्या आत आल्या की धोका गंभीर मानतात. 100 च्या आत आल्या की अति गंभीर. या विषबाधेत चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान हा तळ गाठला जातो. अहवालात आकडा जवळजवळ शून्य. रक्तदाब पुन्हा कोसळतो, या वेळी पाणी गेल्याने नव्हे, जंतू रक्तात पसरल्याने. तिसऱ्या दिवशी हृदयाने सोडले नाही, चौथ्या दिवशी श्वासाने सोडले नाही, अशी काही माणसे या रात्री जातात. बाकीची तळाशी दोन-तीन दिवस काढतात.

त्यानंतर

जी राहतात त्यांच्यात साधारण सातव्या दिवसापासून पुढे मज्जा परत सुरू होते, आणि ती दबकत सुरू होत नाही. पांढऱ्या पेशी उसळून सामान्यापेक्षाही वर जातात. आतडे त्याआधीच भरायला लागलेले असते. बाई पेज गिळू लागते, मग मऊ भात.

दहाव्या-बाराव्या दिवशी उशीवर केस. सकाळी विंचरताना मूठभर, आठवड्याभरात बहुतेक सगळे. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरात सर्वांत वेगाने विभागणाऱ्यांपैकी आहेत. त्या पहिल्याच रात्री अडकल्या होत्या, फक्त वर तयार असलेला केस गळायला इतके दिवस लागले. 1966 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तेव्हाच्या सिलोनमधून आलेली एक नोंद कळलावीच्या विषबाधेनंतर साऱ्या अंगावरचे केस गेल्याची आहे. रुग्णालयातून घरी आलेल्या बाईला हे आधी सांगून ठेवले नसेल तर तिला वाटते की आजार उलटला. केस परत येतात, काही महिन्यांत.

गावात कुणी तिला पाहून म्हणते की कॅन्सरचे औषध घेतल्यासारखी दिसते, आणि त्यात तथ्य आहे. अंगणातल्या सदाफुलीपासून व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही दोन औषधे मिळतात. तीही ट्यूब्युलिनलाच धरतात आणि पेशी मध्यावस्थेतच अडकवतात. फरक मात्रेचा, आणि कोणती पेशी अडकावी असे वाटते याचा. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिनक्रिस्टिन गेली सहा दशके वापरले जाते आणि त्याचा वाटा असलेल्या उपचारांनी असंख्य मुले बरी झाली आहेत. ते देताना डॉक्टर पायाच्या नसांकडे लक्ष ठेवतात, मुंग्या येतात का, पाऊल नीट पडते का. व्हिनब्लास्टिन देताना पुढचा डोस पांढऱ्या पेशी मोजून झाल्यावरच लागतो.